गोळी एकटीच पोटात जात नाही

पेडण्यात किंवा डिचोलीत कुठल्याही वाड्यावरून फेरी मारा, एखाद्या घराच्या वईला बिट्टी लागलेली दिसतेच. पिवळी लांबट फुलं सकाळी देवाला जातात, सुकलेल्या बियांशी पोरं खेळतात, आणि ती बी तोंडात घालायची नाही हे त्याच पोरांना चालायला लागल्यापासून बजावलेलं असतं. बी खाल्ली तर आधी उलट्या होतात. मग नाडी मंदावते, ठोके वेडेवाकडे पडू लागतात आणि शेवटी हृदय थांबूही शकतं.

आता त्याच घरातला आजोबांच्या औषधांचा डबा उघडा. त्यांच्या हृदयाची गती अनियमित आणि फार जलद असेल, तर डब्यात एखादी इवलीशी गोळी डिगॉक्सिनची असू शकते. तिच्यात औषध असतं ते जेमतेम पाव मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये अशा 4,000 गोळ्यांचं औषध मावेल. ही गोळी आणि वईवरची बिट्टी, दोघींतली रसायनं एकाच कुळातली आहेत. किती जवळची, याचा पुरावा श्रीलंकेत मिळाला. तिथे बिट्टीच्या बियांनी होणाऱ्या विषबाधेचं प्रमाण मोठं. डिगॉक्सिन जास्त झालं तर द्यायचा एक उतारा आहे. मेंढीच्या शरीरात डिगॉक्सिनविरुद्ध तयार करवून घेतलेली ती प्रतिपिंडं. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी तोच उतारा बिट्टी खाल्लेल्या रुग्णांना दिला आणि तो लागू पडला. त्या चाचणीचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडांना झाडातलं विष आणि कारखान्यातलं औषध यांत फारसा भेद करता आला नाही.

भेद उरतो तो मात्रेचा. आणि खरी नवलाची गोष्ट इथून पुढे सुरू होते. ती मात्रा गोळीच्या पाकिटावर छापलेली असली, तरी शरीरात ती किती ठरेल हे ताटातली पालेभाजी, वैशाखातला घाम, गुडघेदुखीची गोळी, मूत्रपिंडाची ताकद आणि कधीकधी पावसाळ्यातली दमट हवासुद्धा ठरवते.

ठोका येतो कुठून

हृदय दिवसाला साधारण 1 लाख ठोके देतं, आणि एकाही ठोक्यासाठी ते मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही. मेंदू गती वाढवतो, कमी करतो, पण ठोका हृदयात जन्मतो. नेमका कुठे, हे विसाव्या शतकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. 1906 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या केंट परगण्यात आर्थर कीथ हे शरीरशास्त्रज्ञ बायकोबरोबर सायकलवर फिरून घरी परतले, तेव्हा मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकावर त्यांची वाट पाहत होता. बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याच्या हृदयात, उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत, त्याला वेगळ्याच पेशींचा एक पुंजका सापडला होता. तोच पुंजका माणसातही असतो. त्यातल्या पेशींत सोडियमचे कण सतत थोडेथोडे झिरपत आत येतात, पेशीवरचा विद्युतभार हळूहळू चढतो, ठरावीक पातळी गाठली की ठिणगी पडते, आणि मग पहिल्यापासून पुन्हा तेच. जन्माआधीपासून मरेपर्यंत.

ही ठिणगी वरच्या दोन कप्प्यांतून पसरते आणि खाली उतरण्याआधी क्षणभर, सेकंदाचा दहावा भाग, एका दुसऱ्या पुंजक्यात अडवली जाते. हा पुंजका सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने त्याच वर्षी, 1906 मध्ये दाखवला. त्या थांब्यामुळेच वरचे कप्पे रिकामे व्हायला आणि खालचे भरायला वेळ मिळतो.

बिघाड अनेक तऱ्हांचे असतात. उतारवयात सर्वाधिक भेटणारा म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विस्कळीत लहरी उठतात. कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तवाराचा पुंजका त्यांतल्या बहुतेक लहरी अडवतो म्हणून माणूस जगतो, पण ज्या निसटतात त्या कशाही निसटतात. मनगटावर बोट ठेवलं तर दोन ठोक्यांतलं अंतर एकदाही सारखं लागत नाही. कोणाला छातीत धडधड होते, कोणाला जिना चढताना दम लागतो, कोणाला काहीच जाणवत नाही.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. म्हणून अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर दोन वेगळ्या कामांची औषधं असतात. काही ठोक्यांसाठी, काही रक्तासाठी. ठोके जागेवर आले की दुसऱ्या गोळीचं काम संपलं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. ठोके अधूनमधून बिघडतात आणि ते कळतही नाहीत, गुठळी मात्र धरायची ती धरते. रक्ताची गोळी थांबवायची की नाही, हे धडधड थांबली यावरून ठरत नाही.

दहा वर्षं मात्रेसाठी

डिगॉक्सिनची मूळ कथा 1775 च्या सुमाराची. श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीकडे अंगावरच्या सुजेवर गुप्त औषध आहे, असं विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरच्या कानावर आलं. औषधात वीसेक वनस्पती होत्या. त्यांतली गुणकारी कोणती, हे त्याने लवकरच ओळखलं. फॉक्सग्लव्हची पानं. त्यानंतरची दहा वर्षं त्याने घालवली ती मात्रा शोधण्यात. पानं कोणत्या ऋतूत खुडायची, पूड द्यायची की काढा, किती द्यायचं आणि कुठे थांबायचं. 1785 च्या त्याच्या पुस्तकात बरे झालेल्या रुग्णांबरोबर फसलेल्या उपचारांच्या नोंदीही आहेत. झाड म्हातारीने दिलं, मात्रा विदरिंगने. वैद्यकाचा इतिहास त्याला आठवतो तो मात्रेसाठी.

डिगॉक्सिन पेशीच्या पडद्यातल्या एका पंपावर जाऊन बसतं. हा पंप सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो, आणि डिगॉक्सिन बसतं त्या जागेसाठी पोटॅशियमशी त्याची स्पर्धा असते. रक्तात पोटॅशियम कमी पडलं की तेवढ्याच गोळीचा परिणाम वाढतो. आता मे महिना आठवा. काजूच्या बागेत किंवा वायंगण शेतात घामाने अंग निथळतंय, त्यात जुलाब लागले. सूज उतरवायची लघवीची गोळी चालूच आहे, तीही पोटॅशियम बाहेर काढते. पाणी कमी पडल्याने मूत्रपिंड मंदावतं, आणि डिगॉक्सिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः मूत्रपिंडातूनच. गोळी कालची तीच, वेळ तीच, पण परिणाम कालचा नाही. वय वाढेल तशी मूत्रपिंडाची ताकद घटते, म्हणून दहा वर्षांपूर्वी मानवलेली मात्रा आज जड जाऊ शकते. काहींच्या चिठ्ठीवर डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस लिहितात, ते याच हिशेबाने.

जास्त झाल्याच्या खुणा फसव्या असतात. अन्न नको वाटतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, कधी समोरचं पिवळसर दिसू लागतं, नाडी फार मंद होते. घरात याला पोट बिघडलं म्हणतात आणि पेज घेऊन दोन दिवस काढतात. डिगॉक्सिन घेणाऱ्याने हे दोन दिवस काढू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. आणि घसा धरला म्हणून रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तीही सांगावी. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं.

सडलेलं गवत आणि तायकिळ्याची भाजी

रक्ताच्या गोळीची कथा याहून विलक्षण आहे. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापलं, साधी जखम झाली, की रक्त थांबायचंच नाही. दोष निघाला ओलसर राहून बुरशी धरलेल्या स्वीट क्लोव्हर गवताचा. 1933 च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, सडकं गवत आणि दुधाच्या बरणीत न गोठलेलं रक्त गाडीत घालून तीनशे किलोमीटर गाडी हाकत कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंकच्या चमूने पुढची सहा वर्षं खपून 1939 मध्ये गवतातलं ते द्रव्य वेगळं काढलं. त्याचाच एक सुधारलेला भाईबंद 1948 मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आला. नाव वॉरफरिन. 1954 मध्ये तेच माणसांसाठी मान्य झालं, आणि 1955 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ते घेत होते.

ते काम करतं कसं? रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृत तयार करतं, आणि त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं. हे जीवनसत्त्व शरीरात फार थोडं असतं, म्हणून एकदा वापरलेलं पुन्हा वापरायोग्य करून घेतलं जातं. देवळातल्या महाप्रसादाला ताटं कमी आणि पंगती जास्त असतात, तेव्हा उठलेल्या पंगतीची ताटं धुवून पुढच्या पंगतीला मांडतात, तसं. वॉरफरिन आणि आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं असेनोकुमारॉल हे ताटं धुण्याचं काम थांबवतात. पंगती आपोआप लांबतात, रक्त गोठायला वेळ लागतो. पण कोणी बाहेरून नव्या ताटांची चळतच आणून ठेवली तर? धुणं बंद असूनही पंगती सुरळीत चालतील. ही नवी ताटं म्हणजे हिरव्या पालेभाज्या.

आणि पालेभाज्यांच्या बाबतीत आपला पावसाळा म्हणजे लूट. पहिल्या सरींबरोबर तायकिळो उगवतो. मग तेरं, अळू, कुड्डुक. परसात तांबडी भाजी, गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी. श्रावणात मासळी बंद, म्हणजे ताटात पाल्याचा वाटा आणखी वाढला. उन्हाळाभर मासळीचं हुमण आणि भातावर असलेल्या माणसाच्या अंगात अचानक के जीवनसत्त्वाची आवक वाढते आणि गोळी तीच असून कमी पडू लागते. उलटंही घडतं. तापामुळे चार दिवस जेवणच गेलं नाही, तर तीच गोळी जास्त होते आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागतं.

यावर भाजी सोडणं हा उपाय नव्हे. भाजी खावी, दर आठवड्याला साधारण तेवढीच खावी, आणि ऋतू पालटताना आयएनआर ही रक्ततपासणी चुकवू नये. गोळी न घेणाऱ्याचं आयएनआर 1 च्या आसपास असतं. फिब्रिलेशनसाठी ते बहुधा 2 ते 3 मध्ये ठेवतात. कृत्रिम झडप बसवलेली असेल तर कधी त्याहून वर. केरीहून वा मयेहून केवळ एका आकड्यासाठी दोन बसगाड्या बदलत बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत किंवा म्हापशाच्या आझिलोपर्यंत जाणं जिवावर येतं खरं. पण या गोळीची मात्रा तो आकडाच ठरवतो. त्यात आणखी एक गंमत आहे. आज गोळी बदलली तर उद्या आकडा बदलत नाही. रक्तात आधीच फिरत असलेली प्रथिनं संपायला वेळ लागतो. काही तासांत संपतात, काही दोन-तीन दिवस टिकतात. म्हणून एक गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी दोन घेणं हा सर्वांत वाईट हिशेब. राहिली तर राहिली, वहीत तारीख लिहावी आणि पुढच्या खेपेला सांगावं.

नव्या गोळ्या, नव्या खोड्या

गेल्या पंधरा वर्षांत डाबिगाट्रान, रिवारोक्साबान, एपिक्साबान अशा गोळ्या आल्या. त्यांना पालेभाजीशी देणंघेणं नाही, आयएनआर लागत नाही. शेजाऱ्याला ती चालते मग मला का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर बहुधा झडपेत दडलेलं असतं. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप आपल्या देशात अनेकांच्या हृदयाची झडप आखडवून गेला आहे. अशा रुग्णांना नवी गोळी चालेल का, हे पाहायला 24 देशांत साडेचार हजारांहून अधिक जणांवर चाचणी झाली. तिच्या आघाडीच्या संशोधकांत दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन होते. 2022 चा निकाल चकित करणारा होता. जुन्या पद्धतीच्या, के जीवनसत्त्वाला अडवणाऱ्या गोळीवरचे रुग्ण जास्त जगले. धातूच्या कृत्रिम झडपेलाही नव्या गोळ्या चालत नाहीत. तेव्हा स्वस्त, कटकटीची, सडक्या गवतातून निघालेली गोळीच काहींसाठी अजून श्रेष्ठ आहे.

नव्या गोळ्यांना खोड्या नाहीत असंही नाही. रिवारोक्साबानची 20 मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घेतली तर जवळपास सगळी अंगी लागते. उपाशीपोटी घेतली तर दोन तृतीयांशच. श्रावणी सोमवार आणि एकादशी धरणाऱ्याने हे डॉक्टरांशी बोलून ठेवावं. डाबिगाट्रानची कॅप्सूल तर अजब वस्तू आहे. ते औषध आम्लाशिवाय नीट विरघळत नाही, म्हणून तिच्यातल्या प्रत्येक बारीक दाण्याच्या पोटात टार्टरिक आम्ल भरलेलं असतं. गिळायला जड म्हणून कॅप्सूल फोडून दाणे घेतले, तर रक्तात जाणारं औषध एकदम पाऊणपटीने वाढू शकतं. आणि या दाण्यांना दमट हवा सोसत नाही. वर्षाला 3,000 मिलिमीटर पावसाच्या आपल्या मुलखात, जिथे जुलैत पापड वातड होतात आणि चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे ही कॅप्सूल आठवडाभराच्या गोळ्यांच्या प्लॅस्टिक डबीत काढून ठेवणं म्हणजे तिचं औषधपण घालवणं. ती तिच्या मूळ पाकिटातच राहावी आणि घ्यायच्या वेळीच बाहेर यावी.

या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो. वॉरफरिनच्या एखाद्या चुकलेल्या गोळीला शरीर सांभाळून घेतं. इथे मात्र फार्मसीत गोळी नव्हती म्हणून दोन दिवस गेले, तर ते दोन दिवस रक्षण नसतं. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवं आणून ठेवणं हाही उपचाराचाच भाग.

अंगात महिनोन्‌महिने राहणारा पाहुणा

एमिओडॅरोन या औषधाचं मूळ ईजिप्तमधल्या खेल्ला या रानवनस्पतीत आहे. 1940 च्या दशकात कैरोत ग्लेब अनरेप यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाची छातीदुखी खेल्ला घेतल्यावर गेली. त्या धाग्यावरून 1961 मध्ये बेल्जियममध्ये एमिओडॅरोन बनलं, तेही छातीदुखीसाठीच. ते बिघडलेले ठोके आवरतं, हे पुढे ऑक्सफर्डमध्ये ब्रह्मा सिंग यांनी दाखवलं. ते फिजीत जन्मलेले, भारतीय वंशाचे.

एमिओडॅरोन चरबीत जाऊन मुरतं. शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी 58 दिवस लागतात, कोणाकोणाला त्याहून बरेच जास्त. गोळी बंद केल्यावर चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरने नवं औषध लिहिलं, तरी ते या जुन्या पाहुण्याशी झटापट करू शकतं. म्हणून पूर्वी घेतलेल्या औषधांतही याचं नाव सांगावं लागतं. त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग आयोडीन आहे. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीतून रोज सुमारे 6 ते 7 मिलिग्रॅम मोकळं आयोडीन रक्तात येतं. माणसाची गरज 0.15 मिलिग्रॅमची. थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी का लिहितात ते यावरून कळावं. त्याबरोबर यकृताचीही तपासणी असते, आणि खोकला किंवा दम नव्याने लागला तर फुफ्फुसांची.

आणखी एक गोष्ट आपल्या उन्हाची. हे औषध घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर चेहरा निळसर-करडा पडू शकतो. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्याने किंवा शेतात राबणाऱ्याने टोपी आणि लांब बाह्या यांना औषधाइतकंच महत्त्व द्यावं. हेच एमिओडॅरोन वॉरफरिनचा आणि डिगॉक्सिनचा जोर वाढवतं, आठवड्याआठवड्याने हळूहळू. म्हणून ते सुरू करताना डॉक्टर इतर गोळ्या कमी करतात. चवथीला माटोळीला बांधलेलं तोरिंजन, म्हणजे पपनस, नंतर सोलून खायची पद्धत आहे. त्याचा जवळचा भाऊ ग्रेपफ्रूट आतड्यातली औषध मोडणारी यंत्रणा बंद पाडतो आणि एमिओडॅरोनची पातळी चढवतो. पपनसातही तीच जातकुळीची द्रव्यं आहेत. एमिओडॅरोन घेणाऱ्याने ते फळ देवापुरतं ठेवावं.

सावरणारं औषध बिघडवतंही

गोव्यात 1563 च्या एप्रिलमध्ये एक पुस्तक छापून झालं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं, भारतातल्या औषधी द्रव्यांवरचं. त्यात सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांची चर्चा आहे. अशा मुळ्यांत आपल्याकडे सर्वांत नाव सर्पगंधेचं. तिच्या मुळांतून सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसैन सिद्दिकी यांनी दिल्लीत 1931 मध्ये एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्यावरून त्याचं नाव अजमलिन ठेवलं. अजमलिन ठोके आवरणारं औषध आहे. आज त्याचा एक प्रमुख उपयोग मात्र वेगळाच आहे. ब्रुगाडा नावाचा एक आनुवंशिक बिघाड ईसीजीत लपलेला असतो. इस्पितळात, सगळी तयारी ठेवून, अजमलिन शिरेतून दिलं की तो उघडा पडतो. ठोके सुधारणारं औषध योग्य शरीरात सुधारतं आणि अयोग्य शरीरात बिघाड उठवून दाखवतं.

ही दुधारी गोष्ट वैद्यकाला फार महागात पडून कळली. 1912 मध्ये कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. नाडी फिब्रिलेशनची. डॉक्टर म्हणाले, यावर आपल्याकडे काही नाही. व्यापारी म्हणाला, माझ्याकडे आहे. हिवतापासाठी जवळ बाळगलेलं एक ग्रॅम क्विनीन घेऊन तो दुसऱ्या दिवशी नियमित नाडी घेऊन हजर झाला. त्यातूनच क्विनिडिन हे ठोक्यांवरचं औषध आलं. अशा अनुभवांनी विश्वास वाढत गेला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जे जादा ठोके पडतात ते गोळीने दाबले तर मरण टळेल, हा तर्क 1980 च्या दशकात इतका सरळ वाटत होता, की फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं सढळ हाताने दिली जात होती. मग तपासून पाहिलं. 1,498 रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. जादा ठोके औषधाने खरोखर कमी झाले. पण औषधाच्या गटात 63 जण दगावले, पोकळ गोळीच्या गटात 26. 1989 मध्ये ही चाचणी मधेच थांबवावी लागली.

म्हणून अधूनमधून ठोका चुकतो अशी तक्रार घेऊन गेलेल्याला डॉक्टर तपासून, गोळी न देताच परत पाठवतात, तेव्हा त्यांनी काही केलं नाही असं समजू नये. आणि म्हणूनच शेजारणीला मानवलेली धडधडीची गोळी उसनी घ्यायची नसते.

सोबत कोण कोण

धोका बहुधा हृदयाच्या गोळीतून येत नाही, तिच्या सोबत्याकडून येतो. गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव घडवू शकते. दुखण्यावर त्यातल्या त्यात पॅरासिटामॉल बरी, तीही डॉक्टरांना विचारून आणि मोजकी. काही प्रतिजैविकं ठोक्यामधला सावरण्याचा काळ लांबवतात आणि एमिओडॅरोनसारख्या औषधाबरोबर घातक लय उठवतात. काही आयएनआर चढवतात. गती कमी करणाऱ्या मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तर हृदय उसळून उठतं, त्या बंद करायच्या तर डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. काढे, अर्क, चूर्णं ही औषधंच आहेत, ती यादीतून वगळू नयेत. मार्च-एप्रिलमधला हुर्राक आणि बारमाही फेणी यांचंही तेच. सणावाराला जोरात पिऊन ठोके बिघडलेले रुग्ण अमेरिकेतल्या डॉक्टरांना इतके दिसले, की 1978 मध्ये त्या दुखण्याला त्यांनी सुट्टीतलं हृदय असं नावच दिलं.

पेडणे आणि डिचोलीकडच्या माणसाची आणखी एक अडचण असते. हृदयाचे डॉक्टर बांबोळीला, तापाचं औषध गावच्या आरोग्य केंद्रात, दात काढायचा म्हापशाला, आणि सासर-माहेर सीमेपलीकडे बांदा-दोडामार्गला, तिथले डॉक्टर वेगळेच. प्रत्येकजण आपापली चिठ्ठी लिहितो. या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात ते एकाच ठिकाणी, रुग्णाच्या पोटात. म्हणून एका कागदावर सगळ्या औषधांची नावं, मात्रा आणि वेळा लिहून त्याचा मोबाइलवर फोटो ठेवावा, आणि दात काढणाऱ्यापासून इंजेक्शन देणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला तो आधी दाखवावा. दात काढायचा म्हणून रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बंद करायची का आणि किती दिवस, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. नाडी मोजायला शिकावं. ठोके अनियमित असतील तर पूर्ण एक मिनिट मोजावी.

तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, शुद्ध हरपली, शौच डांबरासारखं काळं झालं, डोक्याला मार लागला आणि रक्ताची गोळी चालू आहे, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता 108 ला फोन करावा. रुग्णवाहिकेत चढताना तो कागद बरोबर असू द्यावा. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे पुढच्या उपचारासाठी मोलाचं असतं, आणि शुद्ध हरपलेला माणूस ते सांगू शकत नाही.

विदरिंगला दहा वर्षं लागली ती मात्रा आज कारखान्यात तोलून, गोळीत बांधून मिळते. पण तो हिशेबाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा, म्हणजे या आठवड्यात भाजी किती झाली, जुलाब किती दिवस होते, गुडघ्यासाठी कोणती गोळी घेतली, रविवारी किती प्यालो, हे कुठल्याच यंत्रात उमटत नाही. ते फक्त गोळी घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याने तोंड उघडल्याशिवाय डॉक्टरांना ते कळायला दुसरा मार्ग नाही.